पिन कुणी काढली?

आमच्या भागात वाईट माणूस मेलेला मी अजून पाहिलेला नाही. जिवंतपणी भरपूर पाहिले. पण दहाव्याच्या दिवशी नदीच्या घाटावर माझ्या हातात माईक आला की तोच माणूस सुधारलेला असतो. भांडकुदळ असेल तर मी त्याला 'स्पष्टवक्ता' म्हणतो. कवडीचुंबक असेल तर 'काटकसरी'. जन्मभर पारावर बसून पत्ते कुटले असतील तर 'माणसांत रमणारा'. एका गृहस्थांनी तीन भावांचे बांध कोरून कोरून आपलं शेत वाढवलं होतं. त्यांना मी 'मातीवर जिवापाड प्रेम करणारा शेतकरी' म्हटलं. समोर बसलेल्या तिन्ही भावांनी उपरण्यानं डोळे पुसले. कशासाठी पुसले ते मी विचारलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गाव केडगाव स्टेशनापासून भीमेकडे गेलं की उसाच्या पट्ट्यात लागतं. लग्नात निवेदन करायचं, दहाव्याला श्रद्धांजली वाहायची, कुणाला अर्ज लिहून द्यायचा, कुणाला मानपत्र, ही माझी कामं नोकरीत असल्यापासूनची, निवृत्तीनंतर फक्त वाढली. त्यात गावानं मला तंटामुक्ती समितीचा सचिवही करून ठेवलंय, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला ते ठाऊकही आहे.

ही विद्या मला शाळेच्या कपाटातल्या एका पुस्तकानं दिली. वाळवीनं त्याचं मुखपृष्ठ खाल्लेलं, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात जुन्या ग्रीक आणि रोमन वक्त्यांच्या युक्त्या होत्या. माणसाचं कृत्य पुण्याचं की अन्यायाचं, हे भर सभेत कसं ठरवायचं? आधी विचारायचं, घडलं का? मग, घडलं त्याला नाव काय द्यायचं? मग, करणाऱ्यानं जाणूनबुजून केलं का, आणि कुणासाठी केलं? पदराला खार लावून दुसऱ्याचं भलं केलं असेल तर त्याच्याएवढं पुण्य नाही. आणि सगळ्यात नामी युक्ती अशी, की एखाद्याच्या हातून चुकून चांगलं घडलं असेल, तर ते त्यानं ठरवूनच केलं असं सांगावं. त्यालाच स्तुती म्हणतात. वादविवाद स्पर्धेसाठी मी पोरांना हे सगळं पाठ करून घ्यायचो. एकच पोरगं सकाळी हुंड्याच्या विरोधात बोलायचं आणि दुपारी बाजूनं बोलून बक्षीस आणायचं. यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

मागच्या लग्नसराईत एका लग्नात मात्र ही विद्या माझ्याच गळ्यात आली.

आमच्याकडे लग्न म्हणजे मंगलाष्टकांआधी सभा असते. मंडपात आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचं माईकवरून नाव घेऊन स्वागत करायचं, आणि त्यातल्या मोठ्यांनी वधूवरांना शुभाशीर्वाद द्यायचे. एखाद्याचं नाव राहिलं तर तो न जेवता निघून जातो आणि पुढची पाच वर्षं मुलीच्या बापाशी बोलत नाही. म्हणून त्या दिवशी मुलीचा बाप मंडपाच्या दारात उभा राहून मला व्हॉट्सॲपवर नावं पाठवत होता. 'उपसरपंच आले.' 'माजी उपसरपंच आले.' 'दोघांची नावं एकापाठोपाठ घेऊ नका.' मी वाचत होतो, बोलत होतो, आणि माझा मोबाईल दोन टक्क्यांवर आला होता.

तेवढ्यात गावच्या विकास सोसायटीचे माजी चेअरमन आशीर्वाद द्यायला उठले. भला मोठा माणूस, आवाजही भला मोठा, त्यात वरून माईक. मुहूर्त बारा पस्तीसचा. चेअरमन बारा वाजता वधूवरांपासून निघाले ते ठिबक सिंचनावर गेले, आणि बारा बत्तीसला कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनात अडकले. नवरा-नवरी हातात हार घेऊन उभी. नवरीच्या कपाळावरचा घाम मुंडावळ्यांतून खाली उतरत होता. भटजी मनगट वर करकरून सगळ्यांना घड्याळ दाखवत होते. चेअरमनला वाटलं, ते आशीर्वादच देतायत.

मोबाईल बंद पडला तर पुढची सगळी नावं गेली. चार्जर माझ्या खिशात कायम असतो. मी स्टेजच्या मागे वाकलो. तिथं साऊंडवाल्याचा लाकडी बोर्ड होता, त्यात तीन पिना खोचलेल्या. एक फॅनची, एक साऊंडच्या मशीनची आणि एक 'शुभविवाह' असं लुकलुकणाऱ्या लाईटच्या पाटीची. भर उन्हात ती पाटी कुणाला दिसणार आहे, असा विचार करून मी तिची पिन उपसली.

ती पिन पाटीची नव्हती.

मंडप एकदम गप्प झाला. चेअरमनचे ओठ हलत होते, हात हवेत होता, पण आवर्तन थांबलं होतं. भटजींनी ती संधी सोडली नाही. माईक गावात यायच्या आधीपासून लग्नं लावणारा तो माणूस. त्यानं मोकळ्या गळ्यानं अशी काही मंगलाष्टकं सुरू केली की आचारीसुद्धा बाहेर आला. लोक सकाळपासून उपाशी. 'सावधान' म्हणायचा अवकाश, अक्षतांचा पाऊसच पडला. निम्म्या वधूवरांवर, निम्म्या चेअरमनवर. ते माईक धरून मधेच उभे होते.

मी घाईघाईनं पिन परत खोचली. माईक कुंई करून ओरडला, पण तोवर लग्न लागलं होतं. इतक्यात साऊंडवाले चाचा जनरेटरकडून धावत आले. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात चार्जरची पांढरी वायर लोंबत होती. माझी अर्धवट बसलेली पिन त्यांनी तळहातानं ठोकून घट्ट केली आणि निघून गेले. त्यांनी नेमकं काय पाहिलं, हे मला कळलं नाही. आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

चाचा म्हणजे आमच्या गावचा आवाज. त्यांचे वडील सायकलच्या कॅरिअरला भोंगा बांधून गावोगाव जायचे. चाचांनी मशीन घेतली, मग मोठे बॉक्स घेतले. उरुसाला, हनुमान जयंतीला, निवडणुकीला दोन्ही पार्ट्यांना, बारशाला, दहाव्याला, साऊंड चाचांचा आणि शब्द माझे. वीस-बावीस वर्षं आमची जोडी. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी; तालुक्याला वक्तृत्वात पहिली आली होती. आता ती दौंडला नर्स आहे.

पंगत बसली तेव्हाच गावाचा निर्णय झाला होता. साऊंड बंद पडला म्हणजे साऊंडवाल्यानंच बंद केला. दुसरं कोण कशाला करील?

चार दिवसांनी चेअरमनचा पुतण्या माझ्या दारात उभा. "गुरुजी, तंटामुक्तीत अर्ज द्यायचाय. कडक लिवा."

इथंच सांगून टाकायला हवं होतं. 'बाबा रे, तो मी' एवढंच. पण मी म्हणालो, "बसा, चहा टाकायला सांगतो." मग कागद पुढे ओढला आणि एकदा ओढल्यावर मला राहवेना. 'हेतुपुरस्सर' लिहिलं. 'पूर्वनियोजित' लिहिलं. 'वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाचा भर मंडपात गळा घोटला' हे लिहून झाल्यावर तर मी स्वतःच थरारलो. आरोपीला 'निर्लज्ज' म्हणावं की 'निर्ढावलेला', यावर माझा पाव तास गेला. आरोपी कोण आहे, हे तेवढा वेळ मी साफ विसरलो होतो. शेवटी मागणी: या इसमाचा साऊंड गावानं इथून पुढे कोणत्याही कार्यक्रमाला सांगू नये.

पुतण्या खूश होऊन गेला. गावात बातमी पसरली आणि सुनावणीआधीच चाचांच्या चार लग्नांच्या तारखा गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. चपला बाहेर काढून, टोपी सारखी करून खुर्चीच्या कडेवर बसले.

"गुरुजी, उत्तर लिवून पायजे. गावानं बंदी घातली तर सेट इकावा लागंल. रांजणगावच्या कंपनीत वॉचमनची जागा हाय म्हनत्यात. ह्या वयात गळ्यात शिट्टी घालून हुबं ऱ्हायचं, दुसरं काय."

"चाचा, त्या दिवशी नेमकं झालं काय?" मी विचारलं. हे विचारताना माझा आवाज जराही हलला नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "ते आता तुमच्याबिगर कोन सांगनार? तुमी शिकल्यालं. तुमाला बरं वाटंल तसं लिवा."

यात टोमणा होता की विश्वास, ते मला ताडता आलं नाही. मग कागद ओढला. खरं लिहिलं असतं तर दोन ओळींत काम होत होतं. मी पाच पानं लिहिली. या सद्गृहस्थानं उन्हात कोमेजणारी लेक पाहिली. निसटता मुहूर्त पाहिला. एका बाजूला आपली रोजीरोटी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लेकीचं सौभाग्य. परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून, पदराला खार लावून, त्यानं थरथरत्या हातानं ती पिन काढली. चुकून घडलेलं मी ठरवून केलेलं करून टाकलं. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं.

चाचांनी सही करायला पेन घेतलं आणि थांबले. "येवढा समदा इचार म्या केला व्हता?"

"होय."

"बरं झालं सांगितलं," म्हणाले आणि सही केली.

सुनावणी रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर कडुलिंबाखाली. गर्दी जत्रेसारखी. एवढ्या माणसांना ऐकू जायचं तर माईक पाहिजे, आणि गावात सेट एकच. तेव्हा आरोपीनंच पहाटे येऊन बॉक्स लावले, 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' केलं, आणि मग हात पुसत आरोपीच्या जागी जाऊन उभा राहिला. पुतण्या तक्रार मांडायला उठला तर माईक शिट्टी वाजवायला लागला. चाचा आरोपीच्या जागेवरून पळत गेले, बटण पिळलं, "आता बोला" म्हणाले, आणि परत जागेवर येऊन मान खाली घालून उभे राहिले. कुणालाही यात वावगं दिसलं नाही. पुतण्यानं दोन वाक्यांत मान टाकली आणि अर्ज वाचायला माझ्याकडे दिला.

मी अर्ज वाचला. माझं वाचन चांगलं आहे. 'गळा घोटला' इथं जरा थांबलो. लोक खवळले. मागून कुणीतरी ओरडलं, "आजच्या आज बंद करा ह्याचं दुकान!" बाया एकमेकींकडे बघून चुकचुकल्या. मग मी उत्तर वाचलं. 'थरथरत्या हातानं' इथं पुन्हा जरा थांबलो. आता त्याच बायांनी पदर डोळ्यांना लावला. एक म्हातारी म्हणाली, "पोरीचा मुहूर्त राखला गं बाबानं." मघाशी दुकान बंद करायला निघालेल्या इसमानं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

समितीचे अध्यक्ष आप्पा माझ्या कानाशी लागले. "गुरुजी, दोन्ही कागद तुमच्याच हातचं दिसत्यात."

"होय, आप्पा."

"मग निकालबी तुमीच लिवा. मेळ बसंल."

पण आप्पा अगदीच कच्चे नाहीत. त्यांनी माईक घेऊन विचारलं, "चाचा, मला एकच सांगा. पिन तुमी काढली का न्हाई?"

चाचा हळूच वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, सहज. याचं उत्तर कुठल्या पानावर आहे हे विचारावं तसं. मी हातातल्या कागदांची टोकं जुळवायला लागलो.

"गुरुजींनी लिवलंय, त्यात समदं आलं," चाचा म्हणाले.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण जमिनीला सवड मिळायच्या आत चेअरमन उठले. वारा कुठून वाहतोय हे त्यांना न बघता कळतं, म्हणून तर ते तीनदा निवडून आले. त्यांनी माईक ओढून घेतला.

"मंडळी, मी आजपातुर बोललो न्हाई. मोठेपना सांगायची मला सवय न्हाई. पर आता इषय निघालाच हाय म्हनून सांगतो. चाचाला त्या दिवशी डोळ्यानं मीच खुनावलं व्हतं. म्हनलं, चाचा, बंद करा. पोरीचा मुहूर्त मोठा, माझं भाषान न्हाई."

पुतण्या गडबडला. "आवो काका, मग आपला अर्ज?"

"तू गप ऱ्हा."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिंबावरची पाखरं उडाली. भाषण स्वतःहून थांबवलेला पुढारी लोकांनी पहिल्यांदाच पाहिला होता. आप्पांनी तिथल्या तिथं अर्ज निकाली काढला. बंदीचा विषय संपला. ग्रामपंचायतीच्या कपाटात शाल कायम घडी करून ठेवलेली असते, ती आली. मारुतीपुढचा नारळ आला. चेअरमनचा सत्कार करायचं ठरलं.

आणि चाचा? चाचा सुटले. पण ते आता गुन्हेगारही नव्हते आणि पुण्यवानही नव्हते. साहेबानं डोळा हलवला आणि यानं पिन काढली, एवढंच त्यांच्या वाट्याला उरलं. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. ते केव्हाच मशीनपाशी जाऊन बसले होते आणि माईकवर माझा आवाज बारीक लागतो म्हणून बटण वाढवत होते.

"गुरुजी, साहेबांविषयी दोन शब्द," आप्पा म्हणाले.

दोन शब्द मला झोपेतसुद्धा येतात. मी सुरू केलं. त्याग तर पुष्कळांनी केले, कुणी राज्याचा, कुणी धनाचा. पण हातात आलेल्या माईकचा त्याग! लोक खूश. चेअरमननी शाल सावरली. मी पुढचं वाक्य घ्यायला श्वास घेतला आणि माझी नजर चाचांच्या त्या लाकडी बोर्डावर गेली. तीन पिना. ते वाक्य तिथंच अडलं. बांध कोरणाऱ्याला मी घाटावर शेतकरी केलं तेव्हा अडलं नव्हतं, ते आता अडलं. वाटलं, पुरे झालं. वीस वर्षं ज्यानं माझा एकेक शब्द गावभर पोचवला, त्याच्यासमोर एक तरी खरा शब्द बोलून टाकावा.

"पण मंडळी," मी म्हणालो, "खरं सांगायचं तर त्या दिवशी ती पिन..."

माईक बंद पडला.

मला माईकची गरज होती असं नाही. तीस वर्षं माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत मोकळ्या गळ्यानं पोचला आहे. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात चेअरमननी शालीसकट हात वर केला.

"आत्ताबी मीच खुनावलं!" ते गरजले. "गुरुजी माझं कौतिक लईच लांबवाया लागलं व्हतं!"

लोक हसले, पुन्हा टाळ्या पडल्या. असा विनयी पुढारी होणे नाही, असं आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघून खुणावलं, की हे इतिवृत्तात घ्या. माणसं उठून चहाच्या टेबलाकडे गेली. मी तोंड मिटलं. तेव्हा मी बोललो नाही ते भिऊन बोललो नाही. भिण्याला घाटावर चालणारा बरा शब्द मला माहीत आहे, पण तो मी इथं वापरणार नाही.

मी बॉक्सच्या मागे गेलो. चाचा लोखंडी पेटीवर बसून वायर गुंडाळत होते. काढलेली पिन त्यांच्या मांडीवर होती. या खेपेला घडलं का, हा प्रश्न नव्हता. जाणूनबुजून केलं का, हाही नव्हता. पण कुणासाठी? मी बोललो असतो तर चेअरमन भर सभेत खोटे पडले असते आणि चाचांच्या तारखा पुन्हा गेल्या असत्या. की माझा जन्मभराचा माईक जाऊ नये म्हणून? या कृत्याला नाव काय द्यायचं? मी उभ्या उभ्या शब्द शोधत होतो. एकही येईना.

"चाचा, मला सांगायचं होतं," एवढंच निघालं.

त्यांनी वायरीचा वेढा पुरा केला, बोर्ड उचलून माझ्या बाजूला सरकवला.

"मोबाईल लावायचा आसंल तर लावा आता, गुरुजी," ते म्हणाले. "बोर्ड मोकळा हाय."

मोबाईल खरंच चार टक्क्यांवर आला होता. मी खाली बघत खिशातून चार्जर काढला.